बारा दिवसांची खेप, अडतीस तासांचा रस्ता

सोमवार, ५ जानेवारी

सकाळी आठला ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. "दहाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाडी लाव. टॉवेलच्या गाठी आहेत, भिवंडीच्या. बारापर्यंत मोकळा होशील." पावणेदहालाच मी गाडी लावली. सोबत भाचा. बहिणीचा मोठा मुलगा, वय तेवीस, हेवी लायसन निघून चारच महिने झालेत. गाडी माझीच आहे, दहा टायर, २०१९ ची. हप्ता महिन्याला ४६ हजार. म्हणजे गाडी चालो की उभी राहो, रोजचे दीड हजार बँकेचे. विमा, टॅक्स, पासिंग, टायरची झीज आणि दोघांचं जेवण धरलं की उभ्या गाडीचा दिवस अडीच हजाराला पडतो. हे आधीच सांगतो, पुढचे सगळे दिवस याच आकड्यात मोजायचे आहेत.

आत गेल्यावर कळलं, गाठी अजून बांधायच्याच आहेत. भिवंडीच्या गोडाऊनला प्रत्येक गाठीवर स्टिकर लागतो आणि स्टिकर छापणारं मशीन सकाळपासून बंद. चार बायका खाली बसून आदल्या दिवशी छापलेले स्टिकर चिकटवत होत्या. त्यांचा काय दोष? त्या बिचाऱ्या मान वर न करता काम करत होत्या. प्रश्न वेगळाच आहे. माल तयार नाही हे कारखान्याला रविवारी रात्रीच माहीत होतं. मग गाडी दहाला कशाला बोलावली? कारण गाडी दारात उभी असली की मालकाला धीर येतो. आणि गाडी उभी करायला त्याला एक रुपया पडत नाही.

भरून, ताडपत्री ओढून, दोर आवळून बाहेर पडलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तेरा तास.

या वेळी घरून निघताना शंभर पानी वही घेतली होती. बायको म्हणाली, "दर वेळी येऊन सांगता, इतके तास थांबलो, तितके तास थांबलो. एकदा लिहून तरी ठेवा." म्हणून लिहीत गेलो. हे सगळं त्याच वहीतलं आहे.

मंगळवार

रात्रीचा रस्ता चांगला लागला. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोल मागं टाकत गेलो. गाळप चालू आहे, त्यामुळं टेंभुर्णीच्या अलीकडं पलीकडं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागं साधा रिफ्लेक्टरही नाही. माझे वडील ट्रकनं कारखान्याला ऊस वाहायचे. तिथंही थांबावं लागायचं, कधी दीड दिवस. पण वडील सांगायचे, अड्ड्यात शिरलं की नंबराची चिठ्ठी हातात यायची. पुढं किती गाड्या आहेत ते दिसायचं, गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारा पट्टा, बंद पडली तर सगळ्यांना कळायचं. माणूस झाडाखाली झोपून घ्यायचा. थांबणं होतंच, पण ते कुठून कुठपर्यंत आहे हे ठाऊक असायचं.

भिगवणजवळ उजाडलं. उजनीचं पाणी राखाडी दिसत होतं, कडेला रोहित पक्षी. भाच्यानं फोटो काढले. पुणे, बोरघाट, शिळफाटा. अवजड गाड्यांच्या दिवसाच्या बंदीत थोडं अडकलो आणि दुपारी एकला भिवंडीत गोडाऊनच्या गेटवर.

गेटवरच्या पोरानं कागद बघितले आणि म्हणाला, "आपका स्लॉट सुबह दस का था. निकल गया."

स्लॉट होता हे मला सोलापुरात कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या गोडाऊनला माल उतरवायची वेळ आधी ठरलेली असते. ती कारखान्यानं घेतली होती, मंगळवार सकाळी दहाची. आणि त्याच कारखान्यानं गाडी सोडली सोमवारी रात्री अकराला. भरलेल्या गाडीनं, घाट उतरून, शहरांच्या बंद्या सांभाळून दहाला भिवंडी होत नाही, हे रस्त्यावरचं कुणीही सांगेल. कुणी विचारलं नाही. नवी वेळ मिळाली गुरुवारी संध्याकाळी सहाची.

ट्रान्सपोर्टला फोन केला. "आता काय करणार, थांब की. सगळेच थांबतात."

बुधवार, गुरुवार

गेटबाहेर रस्त्याच्या कडेला साठेक गाड्या. राजस्थान, तमिळनाडू, हरियाणा, पंजाब. आमच्या पुढं कोईमतूरची गाडी, तिचा ड्रायव्हर रविवारपासून उभा होता. ओळ कधी सरकेल सांगता येत नाही, त्यामुळं गाडी सोडून लांब जाता येत नाही. आत संडास आहे, पण तो कामगारांसाठी, ड्रायव्हरला गेटच्या आत सोडत नाहीत. एका टपरीवाल्यानं मागं आडोसा केलाय, तिथं दहा रुपये. अंघोळीला पन्नास. पिण्याचं पाणी विकत. डासांनी रात्रभर डोळा लागू दिला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं, ज्यांना मिळेल त्यांचं अंग तरी वाचेल. पण माझ्यासारख्या जुन्या गाडीला ते नाही. आणि ज्यांच्याकडं आहे त्यांचा एसीही इंजिन चालू असताना चालणार. साठ गाड्यांची ओळ दोन दिवस इंजिन चालू ठेवून उभी राहणार आहे का? डिझेल कोण घालणार?

बुधवारी दुपारी मी गेटवर जाऊन रजिस्टर बघितलं. निळ्या पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर, कडा मळलेल्या, दोऱ्याला बांधलेलं पेन. रकाने असे: गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, मोबाईल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) नंबर, आत, बाहेर. सहा रकाने. गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिली त्याचा रकानाच नाही. 'आत'च्या खाली जी वेळ पडते ती गेट उघडून गाडी आत घेतल्याची. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मी आत गेलो की कागदावर मी गुरुवारी संध्याकाळीच भिवंडीला आलो. मंगळवार दुपार ते गुरुवार संध्याकाळ हा काळ कुठंच नाही. तो फक्त माझ्या अंगावर आहे.

बावीस वर्षं या धंद्यात आहे. हॉल्टिंगवरून, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांवरून, भांडणं शेकड्यानं केली. पण या रकान्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. आमच्या बिल्टीच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं आहे की चोवीस तासांनंतर हॉल्टिंग मिळेल. माझ्या गाडीला रोजचे १५००. मग मिळत का नाही? ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, पार्टी, म्हणजे मालवाला, देत नाही. पार्टी म्हणते, गाडी तर संध्याकाळी आली आणि पाऊण तासात आम्ही मोकळी केली, हे बघा रजिस्टर. रजिस्टर खोटं नाही. फक्त त्यात आमची वेळ सुरूच होत नाही.

"भैया, इधर लिख दो ना, मंगल को एक बजे आया," मी गेटवरच्या पोराला म्हटलं. "ऐसा कॉलम नहीं है," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, त्यानं खरंच रजिस्टर उलटून बघितलं.

रात्री केबिनमध्ये पडल्या पडल्या फोनवर कायदा वाचला. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. ऐकायला छान. त्यात 'कामाचे तास' म्हणजे काय याची व्याख्या आहे. गाडी चालवण्याचा वेळ धरलाय, त्याला जोडून असलेली कामं धरलीत आणि तिसरं, ठिकाणावर नुसतं हजर राहणं, पण ते पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. हे मी तीनदा वाचलं. चौदा मिनिटं थांबलो तर नाव घेऊन धरलंय, दोन दिवस थांबलो तर त्याचा उल्लेखच नाही. शिवाय हा कायदा लागू कुणाला, तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला. एका गाडीचा मालक, स्वतःच ड्रायव्हर, त्यात कुठंच बसत नाही. आता हा कायदा २०२० च्या नव्या संहितेत विलीन केलाय. पण साठ वर्षं आमच्या थांबण्याकडं कसं बघितलं गेलं ते त्या एका ओळीत आहे.

भाचा म्हणाला, "मामा, मग रेल्वेला कसं काय ओ देतात?"

त्यानं बरोबर विचारलं. आमच्याकडं बाळे स्टेशनच्या मालधक्क्यावर खताचा, सिमेंटचा रेक लागला की काय धांदल असते ते सोलापूरकरांनी बघितलंय. रात्री दोन वाजता हॅलोजन लावून हमाल रेक खाली करतात. का? रेल्वेनं ठरवून दिलेल्या तासांत वॅगन रिकामी झाली नाही तर पुढच्या तासातासाचं डेमरेज लागतं, आणि ते रेल्वे सहजासहजी सोडत नाही. रेक कधी लागला ती वेळ रेल्वे लिहिते, व्यापारी नाही. तिथं मध्यरात्री हमाल उभे करणारा व्यापारीच दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्याला म्हणतो, "हमाल नाहीत, उद्या बघू." माल तसाच, हमाल तेच, व्यापारीही तोच. फरक एवढाच की एकाच्या वेळेला पैसे पडतात आणि दुसऱ्याची फुकट आहे.

गुरुवारी साडेसहाला आत घेतलं. खाली व्हायला पाऊण तास लागला. फक्त पाऊण तास! पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही शिक्का होऊन बाहेर आलो तेव्हा आठ वाजले होते. पंचावन्न तास उभा होतो. वाराईचे, म्हणजे हमालीचे, सहाशे रुपये हमालांनी माझ्याकडूनच घेतले. 'ज्याचा माल त्याचा हमाल' असं ट्रकवाले किती वर्षं ओरडतायत, पण गेटवर ते कुणी ऐकत नाही. हमालांवर माझा राग नाही, त्यांचंही पोट त्या गाठींवरच आहे. पण ते पैसे माल ज्याचा त्यानं द्यायचे असतात.

शुक्रवार

परतीच्या मालाचा दिवस. रिकामं जायचं म्हणजे डिझेल आणि टोल खिशातून. भिवंडीतल्या एका दलालानं तळोजाचा माल दिला, सोलापूरचाच. मनात म्हटलं, देव पावला, रविवारी घरी. सकाळी नऊला पोचलो तर तिथं दुसरी गाडी लागून निम्मी भरलेली. दलालानं एका मालाला दोन गाड्या पाठवल्या होत्या, जी आधी पोचेल ती भरेल म्हणून. फोन केला तर म्हणाला, "तुमचा फोन लागत नव्हता, मला वाटलं तुम्ही येत नाही." माझा फोन रात्रभर चालू होता.

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर लातूरचा, माझ्याच वयाचा. चहा पाजला त्यानं. म्हणाला, "दादा, मला म्हणाले फक्त तुझीच गाडी आहे." दोघंही काही बोललो नाही मग. २०१८ साली सरकारनं अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ झालं. आम्ही खूष झालो होतो की जास्त माल, जास्त भाडं. झालं उलटं. तेवढ्याच मालाला कमी गाड्या लागायला लागल्या आणि भाडं टनामागं उतरलं. निदान माझ्या वहीत तरी तसंच दिसतं. गाड्या जास्त आणि माल कमी, असं असलं की दोन गाड्या बोलवायला कुणाला काही वाटत नाही.

तीन वाजेपर्यंत तिथंच बसून फोन करत राहिलो. रात्र पेट्रोल पंपावर.

शनिवार, रविवार

पनवेलजवळच्या गोडाऊनमधून प्लॅस्टिकच्या दाण्याच्या गोण्या, हैदराबादला. सोलापूरवरूनच जायचं, म्हणून हो म्हटलं. सकाळी अकराला लागलो, संध्याकाळी पाचला गाडी भरून काट्यावर वजनही झालं. भराई नीट झाली, गोण्या चांगल्या रचल्या, मुकादमानं स्वतः उभं राहून मागचं पुढचं वजन सारखं केलं. माल रचणं ही कला आहे आणि तो मुकादम कसबी होता.

पण ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यानं न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तो नाही. ते काढणारा अकाउंटंट दुपारी घरी गेला, आता सोमवारी. भरलेली गाडी, आवळलेले दोर, आणि एका कागदावाचून रविवार अख्खा उभा. बिलाशिवाय हलायचं नाही, रस्त्यात पकडलं तर कराच्या दुप्पट दंड, आणि गाडी अडकते ती वेगळीच. फोनवरून पाच मिनिटांत निघणारं बिल आहे ते. मी मुकादमाला विचारलं, त्यानं हात वर केले. "आम्ही माल भरतो. कागद वरचे बघतात."

यालाच मी नियोजन नाही म्हणतो. प्रत्येकाचं आपापलं काम चोख आहे. गाठ बांधणारी बाई, गेटवरचा पोरगा, हा मुकादम, सगळे आपलं काम नीट करतात. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जी फट राहते, ती ड्रायव्हरनं आपल्या दिवसांनी भरायची. त्या फटीचा मालक कुणीच नाही.

रविवारी भाचा गप्प होता. मंगळवारी भोगी, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सात नंदीध्वज मिरवत संमती कट्ट्यावर येतात आणि लाखभर माणूस पांढऱ्या कपड्यांत अक्षता टाकायला उभा असतो. भाच्यानं यंदा पहिल्यांदा बाराबंदी, यात्रेचा तो पांढरा पोशाख, शिवून घेतली होती. शुक्रवारी घरी येऊ असं त्याला मीच सांगितलं होतं.

सोमवार

अकरा वाजता बिल निघालं. अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चार दिवसांची मुदत, शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत. बारा वाजता निघालो. लगेच दलालाचा फोन, "उद्या सकाळी सातला हैदराबादला गाडी लागली पाहिजे, पार्टीला अर्जंट आहे."

दोन दिवस त्यांनीच बसवून ठेवलं. आता तो वेळ मी रस्त्यावर भरून काढायचा, रात्रभर जागून. अपघात झाला की पेपरात येतं, ड्रायव्हरला डुलकी लागली. डुलकी कुठून आली ते कुणी विचारत नाही. ती तळोजातून, पनवेलमधून येते. २०२४ च्या जानेवारीत अपघाताच्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या, तेव्हा दहा वर्षांच्या शिक्षेवर देशभर चर्चा झाली. आम्हाला झोप कधी मिळते यावर एक दिवस तरी चर्चा व्हायला हवी होती.

मी दलालाला स्पष्ट विचारलं, "उद्या भोगी, परवा संक्रांत. तिकडं सणाला हमाल गावी जातात. गोडाऊन चालू आहे ना?" "चालू आहे. मी पार्टीशी बोललोय."

पाटसपासून टेंभुर्णीपर्यंत भाच्यानं चालवली, मी मागच्या फळीवर झोपलो. रात्री दहाला बाळे आलं. यण्णीमज्जनाचा, म्हणजे यात्रेतल्या तैलाभिषेकाचा दिवस, गावात अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होऊन गेली होती, लांबूनही दिव्यांची माळ दिसत होती. आमचं घर शेळगीत, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. गाडी कडेला घेतली. बायको, आई आणि धाकटी मुलगी रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. डब्यात भोगीच्या आधीच केलेला गरगट्टा, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वेगळ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मुलगी केबिनमध्ये चढून माझ्या सीटवर बसली, स्टेअरिंगला धरून. आई म्हणाली, "उद्याची अक्षता बघून जा की. किती लांब हाय?"

किती लांब? आठ तास. मी दलालाला पुन्हा फोन केला. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग भाच्याला म्हटलं, "तू उतर."

"मामा, एकटे कसे जाणार? मी येतो ओ."

"उतर. बाराबंदी घाल उद्या."

तो उतरला. वीस मिनिटं थांबलो असेन.

मंगळवार ते गुरुवार

नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद. झहीराबादजवळ चाळीस मिनिटं डोळे मिटले. सकाळी सातला जीडिमेटलाच्या गोडाऊनसमोर गाडी लावली. गेटला कुलूप.

बाजूच्या खोलीतून वॉचमन आला. सोलापुरात पद्मशाली शेजारी असल्यानं तेलुगू मला चांगली समजते. "पंडुग, अन्ना," तो म्हणाला, "अंदरू ऊरिकि पोयिंड्रु." सण आहे, सगळे गावाला गेले. कधी येणार? शुक्रवारी. आणि सुट्टी कधी ठरली? तो म्हणाला, मालकानं आठवड्यापूर्वीच पाटी लावली. दाखवली त्यानं, गेटवर चिकटवलेला कागद, त्यावर तारखा.

मी गाडीच्या सावलीत खाली बसलो. राग यायला हवा होता, पण अंगात तेवढं त्राणही नव्हतं. अक्षता बघून आरामात निघालो असतो तरी दोन दिवस आधीच पोचलो असतो. एक फोन दलालानं खरंच केला असता तर! पाटी आठवडाभर गेटवर होती.

दुपारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. गर्दीत आवाज ऐकू येत नव्हता, पडद्यावर नुसते पांढरे फेटे आणि वर नंदीध्वजांची टोकं. मग एकदम तो गजर आला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र", आणि फोन हलला, अक्षता पडल्या असणार. बंद गेटसमोर केबिनमध्ये बसून मी हात जोडले. जवळ मूठभर तांदूळ होते स्वयंपाकाचे, ते डॅशबोर्डवरच्या फोटोवर टाकले.

पुढचे दोन दिवस लिहिण्यासारखे नाहीत. स्टोव्हवर भात, झोप, टायरची हवा बघणं, दोर पुन्हा आवळणं, आकाशात पतंग. एकटा असल्यानं गाडी सोडून कुठं जाता येत नव्हतं. एक गोष्ट मात्र लिहून ठेवली. संक्रांतीच्या पहाटे वॉचमनची बायको गेटपुढं सडा घालून रांगोळी काढत होती, मोठा मुग्गू, ठिपक्यांचा, पांढऱ्या रेषा वळत वळत रस्त्यापर्यंत आल्या. माझ्या पुढच्या चाकाशी येऊन ती थांबली. काचेवर टकटक करून म्हणाली, गाडी थोडी मागं घेता का, एक पाकळी राहिलीय. मी गाडी चालू केली आणि दोन हात मागं घेतली. तिनं पाकळी पूर्ण केली, मध्ये शेणाचा गोळा ठेवून त्यावर फूल खोवलं आणि मला पुरणाचा बोब्बट्टू आणून दिला. दहा दिवसांत मला 'गाडी हलव' म्हणणारी आणि ती कशासाठी हलवायची ते सांगणारी ती पहिलीच.

शुक्रवार, १६ जानेवारी

हमाल दहाला आले. दोनला गाडी मोकळी. ई-वे बिलाची मुदत रात्री बाराला संपत होती. आणखी एक दिवस गेला असता तर ती वाढवायची कुणी, यावरून तिघांत वाद झाला असता.

मॅनेजर पोचेवर सही करायला लागला, तेव्हा म्हटलं, "साहेब, गाडी मंगळवारी सकाळी सातला आली, एवढं यावर लिहा."

तो म्हणाला, आमच्याकडं आजची एंट्री आहे.

मी वही काढली. मंगळवारी सात वाजता काढलेला फोटो दाखवला, कुलूप, पाटी आणि माझी नंबर प्लेट एकाच फोटोत. वॉचमन शेजारीच उभा होता. मॅनेजरनं त्याला विचारलं. तो बिचकला, नोकरीचा प्रश्न होता त्याचा. मग हळूच म्हणाला, हो, मंगळवारी सकाळी. मॅनेजरनं थोडा विचार केला आणि पोचेच्या कोपऱ्यात लिहिलं, गाडी हजर १३ जानेवारी सकाळी ७, खाली १६ जानेवारी दुपारी २. खाली सही. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या थांबण्याची वेळ दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेली बघितली. मी त्या मॅनेजरचे हात धरले. तो गोंधळला.

परतीचा माल नव्हता, सणामुळं सगळं बंद. रिकामाच निघालो, रात्री साडेदहाला शेळगी.

शनिवार

सकाळी आईनं चहा दिला आणि मी वहीची बेरीज केली. एकूण १४७५ किलोमीटर. चाक फिरलं ते अडतीस तास. भरायला, उतरवायला, नंबर लागायला, कागद यायला, कुलूप उघडायला थांबलो ते दोनशे दोन तास. चोवीस तास सोडून हॉल्टिंग धरलं तरी भिवंडीचा एक दिवस आणि हैदराबादचे दोन. साडेचार हजार. पनवेलचे एकोणपन्नास तास कुणाच्याच बिल्टीत बसत नाहीत, कारण ते भरताना गेले.

संध्याकाळी मुलीला गड्ड्यावर, यात्रेच्या जत्रेत, घेऊन गेलो, पाळण्यात बसवलं. तिनं विचारलं, पुढच्या वेळी तू अक्षतेला असशील ना? मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, पण ते माझ्या हातात नाही हे मला ठाऊक आहे.

सोमवारी मार्केट यार्डाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. आम्हाला गेटवर नंबराची चिठ्ठी द्या, गाडी आली ती वेळ बिल्टीवर लिहा, आणि बोलावण्याआधी समोरच्या गेटला एक फोन करा, एवढं तिथल्या कारकुनाला सांगितलं. तो भला माणूस आहे, ऐकून घेतलं. पोच हातात घेतली, कोपऱ्यातली ओळ वाचली आणि चष्मा वर करून म्हणाला, "हे कुणी लिहिलं? असं कुणी लिहीत नाही."

"त्यांच्याच माणसानं लिहिलंय. खाली सही आहे."

त्यानं पोच फाईलला लावली. हॉल्टिंगचं महिनाअखेर बघू म्हणाला.

त्याच्या हातात देण्याआधी मी चौकातल्या दुकानातून त्या पोचेच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात. एक घरात, एक गाडीच्या कागदांत, वहीच्या पहिल्या पानाला पिन मारून.